उत्तर जुळत नाही? उदाहरण पुन्हा सोडवण्याआधी चुकलेली ओळ शोधा

वर्गात फळ्यावर सोडवलेलं उदाहरण समजतं. घरी त्याच सरावसंचातलं पुढचं घेतलं की उत्तर भलतंच येतं. मग पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहायचं, खोडायचं, पहिल्यापासून सोडवायचं आणि पुन्हा तेच भलतं उत्तर. बीजगणित आणि भूमितीच्या गृहपाठातली ही नेहमीची तक्रार. तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "नीट लक्ष देऊन परत कर."

या सल्ल्याने फारसं काही साधत नाही. ज्या सवयीमुळे पहिल्यांदा चिन्ह चुकलं, त्याच सवयीमुळे ते दुसऱ्यांदाही चुकतं. आपलंच लिखाण वाचताना डोळा जिथे घसरला होता तिथेच पुन्हा घसरतो. खरं तर बऱ्याच वेळा सगळं उदाहरण बरोबर असतं आणि एकच ओळ बिघडलेली असते. ती सापडली की दुरुस्ती क्षणात होते. म्हणून आधी ओळ शोधायची, सोडवायचं ते नंतर. बीजगणितात ही शोधाशोध आकडे घालून होते, भूमितीत आकृती मोडून आणि कारणं तपासून.

समीकरण सोडवलं, उत्तर चुकलं

एका वहीत असं लिहिलेलं होतं:

३(क्ष − २) − २(क्ष − ५) = ९
३क्ष − ६ − २क्ष − १० = ९
क्ष − १६ = ९
क्ष = २५

पुस्तकातलं उत्तर ५ आहे. आता हे ५ वरून खाली प्रत्येक ओळीत घालून बघा. पहिली ओळ: ३ × ३ − २ × ० = ९. जुळली. दुसरी ओळ: १५ − ६ − १० − १० = −११. इथे ९ यायला हवे होते. म्हणजे पहिल्या ओळीतून दुसरीत उतरताना गडबड झाली. खालच्या ओळींकडे बघायचीही गरज नाही. −२ ने −५ ला गुणलं की +१० येतं, तिथे −१० लिहिलं गेलं.

मागे उत्तर दिलेलं नसेल तर? तेव्हा आपलंच चुकीचं उत्तर कामाला येतं. २५ घ्या आणि खालून वर चढा. क्ष − १६ = ९ मध्ये २५ बसतात. दुसऱ्या ओळीत ७५ − ६ − ५० − १० = ९, तिथेही बसतात. पहिल्या ओळीत ३ × २३ − २ × २० = २९, बसत नाहीत. पुन्हा तीच जागा सापडली. कारण साधं आहे: चुकीनंतरच्या सगळ्या ओळी त्या चुकीच्या उत्तराशी प्रामाणिक असतात, चुकीच्या आधीच्या नसतात. दोन चुका असतील तर वरून खाली येताना पहिली सापडते आणि खालून वर जाताना शेवटची. एक दुरुस्त करा, पुन्हा चढा.

ताळा म्हणून उत्तर मूळ समीकरणात घालायला बहुतेकांना शिकवलेलं असतं. पण त्याने फक्त "चुकलं" एवढंच कळतं. कुठे चुकलं ते प्रत्येक ओळीत घातल्यावरच कळतं.

कंसाआधीच्या वजाबद्दल एक सवय सुचवतो. दोन्ही कामं, गुणणं आणि चिन्ह बदलणं, एका ओळीत करू नका. आधी ३क्ष − ६ − (२क्ष − १०) = ९ असं लिहा आणि कंस पुढच्या ओळीत सोडा. एक ओळ वाढते, पण ज्या मुलांचं चिन्ह वारंवार चुकतं त्यांच्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

सोपे रूप द्या, विस्तार करा, अवयव पाडा

इथे "बरोबर किती" असं काही नसतं, त्यामुळे उत्तर घालून बघता येत नाही. पण चलाची कोणतीही किंमत घेतली तरी प्रत्येक ओळीची किंमत तीच राहायला हवी. म्हणून एखादी संख्या निवडा आणि तीच प्रत्येक ओळीत घाला. जिथे किंमत बदलली ती ओळ चुकली.

संख्या मात्र विचार करून निवडायची. (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही चूक घ्या. क्ष = ० घातलं तर दोन्हीकडे ९ येतात आणि चूक लपून राहते. १ घेतला तर क्ष, क्ष², क्ष³ सगळे सारखेच, म्हणजे घातांकातली चूक दिसणार नाही. २ सुद्धा फसवा आहे, कारण २ + २, २ × २ आणि २² तिन्ही ४ च. म्हणून ३, ५ किंवा ७ घ्या. क्ष = ५ घातलं तर डावीकडे ६४ आणि उजवीकडे ३४, हातोहात पकडलं जातं. दोन चलं असतील तर दोघांना वेगवेगळ्या संख्या द्या. दोन्हीला एकच दिली तर क्ष − य शून्य होतं आणि त्याच्या आजूबाजूच्या चुका गिळून टाकतं.

(क्ष + ६)/(क्ष + ३) मधले क्ष काटून ६/३ म्हणजे २ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. क्ष = ५ घाला: ११/८. २ येत नाही. काटायचं असतं ते गुणलेलं, बेरजेतलं नाही, हे दहा वेळा सांगून पटत नाही. स्वतः आकडा घालून ११/८ आले की पटतं.

याच जातीची आणखी एक चूक सांगतो, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. क्ष/२ + क्ष/३ चं सोपं रूप विचारलं की काही मुलं ६ ने गुणून ५क्ष लिहितात. समीकरणात दोन्ही बाजूंना ६ ने गुणून छेद घालवता येतो, कारण दोन्ही बाजू सारख्याच पटीत वाढतात. नुसत्या पदावलीला दुसरी बाजूच नाही, ६ ने गुणलं की तिची किंमतच सहापट झाली. उत्तर ५क्ष/६. सोडवायला बसण्याआधी समोर "=" आहे का ते बघा. असेल तर छेद घालवा, नसेल तर छेद सांभाळा.

एकसामयिक समीकरणं: ताळा जुळतो, उत्तर मात्र चूक

५क्ष − २य = ११
५क्ष + ३य = २१

पहिल्यातून दुसरं वजा केलं. −२य − ३य च्या जागी चुकून −२य + ३य धरलं, म्हणजे य = −१०. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली: ५क्ष + २० = ११, क्ष = −९/५. आता ताळा: पहिल्या समीकरणात −९ + २० = ११. जुळला! मूल खूश, उत्तर चूक.

ज्या समीकरणातून क्ष काढला त्यात तो जुळणारच, त्याला तसा जुळवूनच काढलेला आहे. ताळा नेहमी दुसऱ्या समीकरणात घ्यायचा. −९ − ३० = −३९, हवे होते २१. खरं उत्तर क्ष = ३, य = २. आणि वजाबाकीत चिन्हं चुकत असतील तर वजाबाकी करूच नका: खालच्या समीकरणाला −१ ने गुणून पूर्ण ओळ नव्याने लिहा आणि बेरीज करा.

ओळ कुठेच तुटत नाही, तरी उत्तर अपुरं किंवा जास्तीचं

वरची रीत दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवून वापरावी लागते.

क्ष² = ५क्ष सोडवताना दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं आणि क्ष = ५ आलं. ५ प्रत्येक ओळीत बसतात, पण शून्य हे दुसरं उत्तर हरवलं. क्ष शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून चलाने भागायचं नाही; सगळं एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडायचे. वर्गसमीकरणाचं एकच उत्तर आलं की भागाकार कुठे केला ते आधी शोधा.

उलट √(क्ष + ६) = क्ष मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० येतं आणि ३ व −२ अशी दोन उत्तरं मिळतात. −२ मूळ समीकरणात घातलं तर डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. बसत नाही. इथे तुमची कुठलीही ओळ चुकलेली नाही. वर्ग केल्यावर २ आणि −२ मधला फरक पुसला जातो, त्यामुळे पाहुणं उत्तर आत शिरतं. वर्ग केला असेल तिथे मूळ समीकरणातला ताळा हा उदाहरणाचाच भाग आहे, तो सोडायचा नाही.

सूत्र पाठ आहे, तरी वर्गसमीकरण चुकतं

२क्ष² − ५क्ष − ३ = ०. इथे अ = २, ब = −५, क = −३. बहुतेक चुका या किमती लिहितानाच होतात. कोणी ब = ५ लिहितं, कोणी −५ चा वर्ग −२५ करतं. गणकयंत्रात कंस न घालता −५² दाबलं तर बऱ्याच यंत्रांवर −२५ च दिसतं, कारण आधी वर्ग होतो आणि मग वजा लागतो. ऋण संख्या कंसात ठेवूनच लिहा: (−५)² − ४(२)(−३) = २५ + २४ = ४९. मग क्ष = (५ ± ७)/४, म्हणजे ३ किंवा −१/२.

मुळांचा झटपट ताळा म्हणजे बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ. इथे बेरीज ५/२ हवी आणि गुणाकार −३/२. बरेच जण फक्त बेरीज बघतात, आणि तिथेच फसतात. समजा विवेचकात, म्हणजे वर्गमुळाखालच्या ब² − ४अक मध्ये, चिन्ह चुकून २५ − २४ = १ झालं. मुळं (५ ± १)/४ म्हणजे ३/२ आणि १. त्यांची बेरीज? ५/२. जुळली. कारण एका मुळात जेवढं मिळवलं तेवढंच दुसऱ्यात वजा होतं, बेरजेत विवेचकाचा मागमूसही उरत नाही. गुणाकार मात्र ३/२ येतो, −३/२ नाही. तेव्हा एकच ताळा घ्यायला वेळ असेल तर गुणाकाराचा घ्या.

सूत्रावर ज्यांचा हात बसत नाही त्यांनी श्रीधराचार्यांची रीत एकदा करून बघावी. पूर्ण वर्ग करताना अपूर्णांक येऊ नयेत म्हणून समीकरणाला आधी ४अ ने गुणायचं. इथे ८ ने: १६क्ष² − ४०क्ष = २४. दोन्ही बाजूंत ब² म्हणजे २५ मिळवले की (४क्ष − ५)² = ४९. म्हणून ४क्ष − ५ = ७ किंवा −७. संपलं. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी ही रीत उद्धृत केली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. वहीतली सूत्राची ओळ कुठून आली हे या तीन ओळींत जितकं स्पष्ट दिसतं तितकं सूत्र पाठ करून कधीच दिसत नाही.

शाब्दिक उदाहरण: समीकरणच मांडता येत नाही

"एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या काढा."

क्ष आणि य लिहून मूल थांबतं. थांबलेल्या मुलाला चलं नकोत, आकडे द्या. बेरीज ११ होईल अशी कुठलीही संख्या घे म्हणावं. ३८ घेतली. उलट केली की ८३. ८३ हे ३८ पेक्षा ४५ ने मोठे, म्हणजे ३८ हे उत्तर नव्हे. पण आता आपण नेमकं काय केलं ते लिहायचं: ३८ म्हणजे १० × ३ + ८. ८३ म्हणजे १० × ८ + ३. आणि तपासलं काय? १० × ८ + ३ हे १० × ३ + ८ + २७ एवढे आहेत का? या ओळीत ३ च्या जागी क्ष आणि ८ च्या जागी य ठेवा:

१०य + क्ष = १०क्ष + य + २७

समीकरण तयार झालं. त्यावरून य − क्ष = ३, आणि क्ष + य = ११ आहेच, म्हणून क्ष = ४, य = ७, संख्या ४७. ज्यांनी दोन अंकी संख्या नुसती "क्षय" अशी लिहिली त्यांच्या लक्षात येतं की तसं लिहिणं म्हणजे गुणाकार.

यातली दुसरी नेहमीची चूक म्हणजे २७ भलत्या बाजूला मिळवणं. "मोठी" शब्द दिसला की हात त्याच संख्येत मिळवायला जातो. तसं केलं तर उत्तर ७४ येतं आणि ते त्या चुकीच्या समीकरणात अगदी व्यवस्थित बसतं. म्हणून शाब्दिक उदाहरणाचा ताळा समीकरणात घ्यायचा नसतो, वाक्यात घ्यायचा असतो. ७४ उलट केली तर ४७, ती २७ ने लहान झाली. वाक्याशी जुळत नाही.

वयाच्या उदाहरणात "५ वर्षांपूर्वी" म्हटलं की ५ दोघांच्याही वयातून जातात, एकाच्या नाही. आणि जाताना ताशी ४० किमी व येताना ताशी ६० किमी असेल तर सरासरी वेग ५० नसतो. १२० किमी अंतर धरून बघा, ३ तास आणि २ तास, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ४८.

भूमिती: आकृतीच दिशाभूल करते

त्रिकोण काढ म्हटलं की दहातली बहुतेक मुलं आडवा पाया आणि बरोबर मध्यावर शिरोबिंदू असा त्रिकोण काढतात. तो दिसायला समद्विभुज होतो. अशा त्रिकोणात शिरोबिंदूतून काढलेली मध्यगा, शिरोलंब आणि कोनदुभाजक एकाच रेषेवर येतात. मग दिलेली असते नुसती मध्यगा, आणि वहीत काटकोन धरून पायथागोरसचं प्रमेय लावलेलं असतं. चूक मुलाच्या तर्कात कमी आणि चित्रात जास्त आहे.

उपाय: त्रिकोण मोठा काढा, तिरपा काढा, तिन्ही बाजू ठळकपणे वेगळ्या लांबीच्या ठेवा. सिद्धता अडली की तीच आकृती आणखी एकदा वेगळ्या आकाराची काढा, एकदा विशालकोनाची सुद्धा. पहिल्या आकृतीत जे दिसत होतं आणि दुसरीत दिसत नाही, ते दिलेलं नव्हतं, फक्त भासत होतं. सगळ्या आकृत्यांत टिकतं ते सिद्ध होण्याजोगं.

आता लांबी काढण्याचं एक उदाहरण जवळून बघू. त्रिकोण अबक मध्ये कोन ब काटकोन आहे. ब मधून कर्ण अक वर बड हा लंब. अड = ४, डक = ९. बड किती?

दोन छोटे त्रिकोण समरूप आहेत हे सगळ्यांना दिसतं. मग वहीत येतं: त्रिकोण अडब ~ त्रिकोण कडब. गुणोत्तरं लिहिली की अड/कड = डब/डब, म्हणजे ४/९ = १. इथे मूल म्हणतं "समरूपता लागतच नाही" आणि सोडून देतं. समरूपता लागते, अक्षरांचा क्रम चुकलाय. कोन अ आणि कोन अबड मिळून ९०°, कोन डबक आणि कोन अबड मिळूनही ९०°. म्हणून कोन अ हा कोन डबक एवढा. अ ची जोडी ब शी, ड ची ड शी, ब ची क शी: त्रिकोण अडब ~ त्रिकोण बडक. आता अड/बड = डब/डक, म्हणून बड² = ३६, बड = ६. ताळाही हाताशी आहे: अब² = १६ + ३६ = ५२, बक² = ३६ + ८१ = ११७, बेरीज १६९, आणि कर्ण १३ चा वर्ग तोच.

समरूप किंवा एकरूप त्रिकोण लिहिताना आधी आकृतीत सारख्या कोनांवर सारख्या खुणा करा, मग पहिल्या त्रिकोणाच्या अक्षरांखाली दुसऱ्याची अक्षरं एकाखाली एक लिहा. आकृतीकडे बघून बाजूंच्या जोड्या लावू नका, लिहिलेल्या क्रमावरूनच लावा. आणि समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर २ : ३ असेल तर क्षेत्रफळांचं ४ : ९ असतं, प्रश्नात "क्षेत्रफळ" शब्द आला की वर्ग आठवा.

सिद्धता लिहिली, गुण मात्र शून्य

हे दुखणं सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं, कारण मुलाला आपलं कुठे चुकलं तेच कळत नाही. हे घ्या: त्रिकोण अबक मध्ये अड हा कोन अ चा दुभाजक आहे आणि ड हा बक चा मध्यबिंदू आहे. अब = अक सिद्ध करा.

वहीत असतं: बड = डक (पक्ष), कोन बअड = कोन कअड (पक्ष), अड = अड (सामाईक), म्हणून त्रिकोण एकरूप, म्हणून अब = अक. तीन गोष्टी समान, कारणंही लिहिलेली. पण कोणत्या कसोटीने? बाकोबा (बाजू-कोन-बाजू) लावायची तर कोन दोन समान बाजूंच्या मधला हवा. अड आणि बड यांच्या मधला कोन ड पाशी आहे, आणि आपल्याला माहीत आहे तो अ पाशी. ही झाली "बाबाको", आणि अशी कसोटीच नाही.

का नाही ते कंपास घेऊन बघा. ३०° चा कोन अ काढा. त्याच्या एका भुजेवर अब = १० सेंमी घ्या. ब केंद्र धरून ६ सेंमी त्रिज्येचा कंस दुसऱ्या भुजेवर मारा. तो तिला दोन जागी छेदतो, अ पासून सुमारे ५.३ सेंमीवर आणि सुमारे १२ सेंमीवर. दोन बाजू आणि एक कोन तेच, त्रिकोण मात्र दोन, आणि ते एकमेकांसारखे मुळीच नाहीत. ही आकृती एकदा हाताने काढली की "बाबाको" पुन्हा वहीत येत नाही.

मग मूळ सिद्धता कशी करायची? अड पुढे तेवढीच वाढवा, अड = डइ होईल अशी, आणि इक जोडा. आता त्रिकोण अडब आणि इडक मध्ये अड = डइ, बड = डक, आणि ड पाशी विरुद्ध कोन समान. कोन मधलाच आहे, म्हणून बाकोबाने एकरूप. त्यामुळे अब = इक आणि कोन बअड = कोन कइड. पण कोन बअड हा कोन कअड एवढा दिलेला आहे. म्हणून त्रिकोण कअइ मध्ये अ आणि इ पाशीचे कोन समान, म्हणून अक = इक. अब आणि अक दोन्ही इक एवढ्या.

मध्यगा दिली आहे आणि काहीच सुचत नाही अशा वेळी ती दुप्पट करून बघणं ही रचना फार ठिकाणी मार्ग दाखवते. अशा आणखी काही रचना हातात असाव्यात: स्पर्शिका असेल तर केंद्र आणि स्पर्शबिंदू जोडा, तिथे काटकोन मिळतो, जीवा असेल तर केंद्रातून तिच्यावर लंब टाका, तो तिला दुभागतो, दोन मध्यबिंदू दिसले तर ते जोडा, व्यास दिसला तर त्याची टोकं वर्तुळावरच्या बिंदूला जोडा, तिथेही काटकोन. सुरुवात सुचत नसेल तर साध्यापासून मागे या: दोन बाजू समान दाखवायच्यात, मग त्या कोणत्या दोन त्रिकोणांत आहेत, ते एकरूप व्हायला काय कमी आहे, ते कुठून मिळेल.

लिहून झाल्यावर दोन गोष्टी तपासा. पहिली, पक्षातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे वापरली गेली आहे का. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात सहसा काही जास्तीचं दिलेलं नसतं, त्यामुळे एखादी अट वापरलीच नसेल तर सिद्धतेत भोक असण्याची दाट शक्यता. दुसरी, प्रत्येक ओळीपुढचं कारण झाकून विचारा, हे साध्य माहीत नसताना म्हणता आलं असतं का? वरच्या उदाहरणात कोणी "कोन ब = कोन क" असं मधेच लिहिलं आणि कारण दिलं "समद्विभुज त्रिकोण", तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं गेलं.

अ‍ॅपमध्ये पायऱ्या मिळतात, त्याचं काय?

फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर देणारी अ‍ॅप वापरायला माझी हरकत नाही, पण आधी चुकलेली ओळ स्वतः शोधा. अ‍ॅपचा मार्ग बऱ्याचदा वेगळा असतो, त्यामुळे ओळीला ओळ लावून बघितलं तर आपलं बरोबरही चूक वाटतं. आकडा घालून बघण्याला मार्ग वेगळा असल्याने काही फरक पडत नाही. तुटलेली ओळ सापडली आणि ती का तुटली ते मात्र कळत नसेल, तर तेवढीच एक ओळ शिक्षकांना किंवा मित्राला विचारा. "हे उदाहरण येत नाही" यापेक्षा "इथून इथे कसं आलं" या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं.

आणि पुस्तकातलंच उत्तर चुकलं असेल तर?

तसंही होतं, पण त्या निष्कर्षावर येण्याआधी दोन्ही उत्तरं एकच आहेत का ते बघा. तुमचं ६/√३ आणि पुस्तकाचं २√३ ही एकच संख्या आहे. १/(√३ − १) आणि (√३ + १)/२ सुद्धा एकच. रूपं वेगळी वाटली की दशांशात काढा: पहिल्या जोडीत दोन्हीकडे सुमारे ३.४६४ येतात, दुसऱ्यात सुमारे १.३६६. आकडे जुळले तर छेदाचं परिमेयीकरण तेवढं राहिलंय.

आकडेही जुळले नाहीत तर पुस्तकातलं उत्तर मूळ प्रश्नात घाला, आणि तुमचंही घाला. प्रश्न वहीत उतरवताना एखादं चिन्ह किंवा घातांक बदलला नाही ना, हे या वेळी पुस्तकाशी ताडून घ्या. उतरवण्यातली चूक ओळी तपासून कधीच सापडत नाही, कारण तुमची पहिलीच ओळ चुकीची असते. प्रश्न तंतोतंत तोच आहे, तुमचं उत्तर बसतं आणि छापलेलं बसत नाही, अशी खात्री झाली तर उत्तराशेजारी दोन्ही ताळे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वही शिक्षकांना दाखवा.